डिस्टॉर्शन दाबलं की बोर्ड ओरडतो: नवं पेडल घेण्याआधी काय तपासायचं

एकच तक्रार घेऊन लोक पुन्हा पुन्हा येतात. गिटार, आवाज फाडणारी एक-दोन डिस्टॉर्शन, आवाज दाट करणारा एक कोरस किंवा फिरता करणारा फेझर, बहुधा पडसाद देणारा एक डिले, पायाने दाबायची ही सगळी पेडल एका फळीवर, म्हणजे बोर्डावर, आणि या सगळ्यांना मिळून एकच ॲडाप्टर. एकेक पेडल सुटं लावलं की छान वाजतं. सगळी एकत्र जोडली की घुंई सुरू होते, कोरसचा चिखल होतो, आणि तोवर मालकाने ठरवून टाकलेलं असतं की डिस्टॉर्शन पेडलच बेकार आहे, दुसरं घ्यायला हवं. दुसरं येतं. घुंई तशीच राहते.

मित्रांचे आणि गिटार शिकणाऱ्या मुलांचे बोर्ड मी अनेक वर्षं सोडवून पुन्हा बसवत आलो आहे. त्यांपैकी बहुतेकांवर पेडल निर्दोष निघतं. दोष असतो वीजपुरवठ्यात, पेडलांच्या क्रमात, नाहीतर वीतभर लांबीच्या पॅच केबलमध्ये. म्हणून खालच्या तपासण्या फुकटपासून महागाकडे लावल्या आहेत. त्याच क्रमाने करा, आणि सगळ्या होईपर्यंत खिशात हात घालू नका.

सुरुवातीलाच एक सूचना. तारांना किंवा माइकला हात लागल्यावर मुंग्या येत असतील, चटका बसत असेल, तर पुढचं काहीही करून बघू नका. सरळ शेवटच्या भागाकडे जा.

लक्षणं

- गिटार शांत असताना खाली एक सलग, जाड घुंई. डिस्टॉर्शन दाबलं की तीच खोलीभर होते.
- कोरडी, किरकिरी बझ. गिटार घेऊन जागेवर गोल फिरलं की कमी-जास्त होते, तारांवर हात ठेवला की कमी होते.
- बारीक शिट्टी. कोरस, फ्लँजर (कोरसचाच भाऊ) किंवा डिले साखळीत आल्यावरच येते.
- फेझर किंवा ट्रेमोलो (आवाज लहान-मोठा करणारं पेडल) चालू केला की टिक टिक टिक, रेटच्या नॉबच्या तालात.
- कोरस एकटा सुंदर वाजतो, डिस्टॉर्शनबरोबर कॉर्डमधला एकही सूर वेगळा ऐकू येत नाही.
- डिस्टॉर्शननंतरचा फेझर किंवा कोरस मोठ्या आवाजात फाटतो.
- केबल जराशी हलली की खरखर, मध्येच आवाज गायब.
- सगळी पेडल बंद असली तरी गिटार गुळमुळीत, जणू ॲम्पवर घोंगडी टाकली आहे.

यातली दोन-तीन लक्षणं एकाच वेळी असू शकतात. तेव्हा एक संपवून मगच दुसरं हातात घ्या.

गेनच्या आधी की नंतर?

डिस्टॉर्शन पेडल म्हणजे मुळात प्रचंड गेन, म्हणजे सिग्नल वाढवणं. ४० डेसिबल गेन म्हणजे शंभर पट. त्या पेडलच्या आधी जे काही तारेत शिरलं आहे, ते सगळं शंभर पट होऊन बाहेर येतं: पिकअपने (तारांचं कंपन पकडणाऱ्या गिटारवरच्या चुंबकीय भागाने) पकडलेली बझ, खराब जॅकची खरखर, पहिल्या पेडलच्या पुरवठ्यातली घुंई. नंतरच्या भागात शिरलेला आवाज मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच, की आवाज गेनच्या आधी शिरतोय की नंतर.

उत्तर शोधायला एक रुपयाही लागत नाही. डिस्टॉर्शन चालू ठेवा आणि गिटारचा व्हॉल्यूम नॉब पूर्ण शून्यावर आणा. आवाज एकदम बसला, तर तो गिटारमधून किंवा खोलीतून येतोय. तसाच राहिला, तर तो बोर्डातला किंवा ॲम्पमधला आहे. आता डिस्टॉर्शन बंद करा. आवाजात फारसा फरक पडला नाही, तर तो डिस्टॉर्शनच्या पुढच्या पेडलमधून किंवा ॲम्पमधून येतोय. फरक पडला, तर मागे बघायचं. शेवटी ॲम्पच्या इनपुटमधून केबलच काढून टाका. काहीही जोडलेलं नसताना ॲम्प घुमत असेल, तर बोर्डाचा त्यात काही संबंध नाही.

कानाने आणखी एक गोष्ट कळते. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवा. तो सुमारे ९८ हर्ट्झचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. घुंईचा सूर या जीच्या अगदी जवळ लागत असेल, तर ती १०० हर्ट्झची आहे, म्हणजे ॲडाप्टरमधल्या रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या भागानंतर) उरलेला रिपल, म्हणजे लहरी, किंवा दिव्याचा डिमर. सूर त्याच्या एक सप्तक खाली असेल, तर ५० हर्ट्झ, म्हणजे बहुधा ग्राउंड लूप (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने झालेलं वर्तुळ) किंवा जवळ ठेवलेला ट्रान्सफॉर्मर. लहान प्रॅक्टिस ॲम्पमधून ५० हर्ट्झ नीट ऐकू येत नाही. तिथे फोनवरचं एखादं मोफत स्पेक्ट्रम ॲप कामाला येतं.

खोली

व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर आवाज गेला असेल, तर खोलीकडे बघा. पंख्याचा फिरता डिमर-रेग्युलेटर, स्वस्तातले एलईडी ड्रायव्हर, जुन्या ट्यूबचा चोक, जवळच ठेवलेला मोबाइल. एकेक बंद करा आणि ऐका. पंखा पूर्ण बंद केल्यावर बझ थांबली, तर तुमच्या पेडलला दोष देण्याचं कारण उरलं नाही. सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र पकडणारच, त्याची घडणच तशी आहे. इंजिनिअर सेथ लव्हरने गिब्सन या गिटार कंपनीसाठी दोन कॉइलचा हमबकर पिकअप तयार केला तो याच त्रासावर उपाय म्हणून. सिंगल कॉइल गिटारमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळीचा असेल, तर पिकअप स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या स्थितीत हम बराच कमी होतो. जास्त गेनच्या गाण्यात ती स्थिती वापरा.

तारांना हात लावल्यावर बझ कमी होणं नेहमीचं आहे. हात लावल्यावर ती वाढत असेल, तर गिटारच्या आत ब्रिजची ग्राउंड वायर तुटली आहे किंवा जॅकवर वायरी उलट्या लागल्या आहेत. हे काम सोल्डरिंगचं आहे.

लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेसवर वाजवणाऱ्यांनी सगळ्यात आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघावा. बॅटरीवर शांतता झाली, तर चार्जर आणि ॲम्प किंवा स्पीकर यांच्यामध्ये ग्राउंड लूप आहे. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. तरीही राहिला, तर ग्राउंड लिफ्ट (ग्राउंडची जोडणी तोडणारा स्विच) असलेला ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल जुळवून पुढे देणारी पेटी, मध्ये लावा.

घरी शांत असलेला बोर्ड गणपतीच्या मंडपात किंवा कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये ओरडतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा लाइटचे डिमर असतात. बोर्ड आणि ॲम्प दोन्हींची वीज साउंडवाल्याच्या लाइनवरून मागा, लाइटवाल्याच्या नको. ध्वनितपासणी दिवे पूर्ण चालू करून करायला लावा, नाहीतर तेव्हा सगळं ठीक वाटतं आणि कार्यक्रमाला पहिला दिवा मंद झाला की बझ सुरू होते.

क्रम

कोरसच्या चिखलाची तक्रार जवळपास कायम इथेच सुटते, आणि यालाही पैसे लागत नाहीत. फक्त पॅच केबल इकडून तिकडे करायच्या आहेत.

कोरस मूळ आवाजात त्याचीच एक प्रत मिसळतो. प्रत किंचित उशिरा येते आणि तिचा सूर हलकासा वरखाली होत असतो. हे मिश्रण डिस्टॉर्शनमध्ये गेलं, तर डिस्टॉर्शन त्या दोन जवळजवळ सारख्या सुरांची बेरीज आणि वजाबाकी करून नवेच सूर तयार करतं. एका तारेवर ते थरारक वाटतं. तीन-चार सुरांच्या कॉर्डवर त्याचाच गोंधळ होतो. कोरस डिस्टॉर्शननंतर ठेवा. मग तयार झालेल्या आवाजाचीच प्रत निघते आणि कॉर्ड उलगडून ऐकू येते.

फेझरचं वेगळं आहे. तो रुंदी आणत नाही, आवाजात सरकणाऱ्या खाचा पाडतो. एमएक्सआर फेझ ९० हे पेडल १९७४ सालचं. त्यात चार टप्पे आहेत आणि त्यांतून दोन खाचा पडतात. डिस्टॉर्शनच्या आधी ठेवला, तर त्या खाचा काही अंशी भरून येतात आणि आवाज घशातून आल्यासारखा, जाड आणि सौम्य फिरतो. रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हेलन फेझ ९० ॲम्पच्या पुढे ठेवायचा आणि डिस्टॉर्शन ॲम्पचं असायचं, म्हणजे फेझर आधी. डिस्टॉर्शननंतर ठेवलेल्या फेझरला खाचा पाडायला भरपूर हार्मोनिक्स, म्हणजे वरचे उपसूर, मिळतात, त्यामुळे हेलकावा ठळक आणि झगझगीत होतो. फ्लँजर नंतर ठेवला की विमान उडाल्यासारखा आवाज येतो. मी फेझर आधी ठेवतो, कारण बँडमध्ये तो कीबोर्डच्या आड येत नाही. ही माझी आवड. दोन्ही क्रम योग्य आहेत, तुमच्या गाण्यात दोन्ही वाजवून बघा.

बहुतेकांची फसगत होते ती अशी. डिस्टॉर्शन पेडलचं नसून ॲम्पच्या गेन चॅनेलचं असेल, तर ॲम्पच्या पुढे ठेवलेला कोरस आपोआप डिस्टॉर्शनच्या आधी जातो, बोर्डावर तो शेवटचा असला तरी. अशा वेळी कोरस आणि डिले ॲम्पच्या मागच्या इफेक्ट्स लूपमध्ये, सेंड आणि रिटर्न या जॅकच्या मध्ये लावायचे, कारण तो लूप ॲम्पच्या गेननंतर येतो. ॲम्पला लूप नसेल, तर ॲम्प क्लीन चॅनेलवर ठेवा आणि घाण आवाजाचं काम पेडलला द्या.

नॉइज गेटबद्दल, म्हणजे वाजवत नसताना आवाज बंद करणाऱ्या पेडलबद्दल, लोक इथेच विचारतात. गेट डिस्टॉर्शननंतर आणि डिले-रिव्हर्बच्या आधी ठेवायचा, नाहीतर तो पडसादांच्या शेपट्या कापतो. पण तो फक्त तुम्ही थांबता तेव्हा दार बंद करतो. वाजवताना घुंई सुरांच्या आतच असते. मूळ दोष काढून झाल्यावर उरलेल्या फुसफुशीसाठी गेट उत्तम आहे, त्याआधी तो दोष झाकतो आणि शोध लांबवतो.

पातळी

फेझर किंवा कोरस फाटत असेल, तर डिस्टॉर्शनची लेव्हल नॉब बघा. बहुतेक जण तिचा काटा घड्याळातल्या बाराच्या पुढे ठेवतात, कारण जोरात म्हणजे चांगलं वाटतं. पुढचं मॉड्युलेशन पेडल (कोरस, फेझर, फ्लँजर वगैरे) ९ व्होल्टवर चालतं आणि ॲनालॉग कोरसमधली डिले चिप त्याहूनही कमी पातळीला कापायला लागते. डिस्टॉर्शन चालू आणि बंद करताना आवाजाचा जोर साधारण सारखा राहील इतपत लेव्हल खाली आणा. फाटणं थांबलं, तर काम झालं. लूपमध्ये लावलेलं पेडल फाटत असेल, तर काही ॲम्पच्या मागे लूप लेव्हलचा स्विच असतो, तो कमी पातळीवर न्या.

दोन डिस्टॉर्शन एकावर एक चालवणाऱ्यांनी दोघांचाही गेन अर्ध्याखाली आणावा. पहिल्याची फुसफुस दुसरं पेडल पुन्हा वाढवतं. तिथे दोन्ही नॉब पुढे ठेवून शांतता मिळणार नाही.

केबल, जॅक, स्विच

एक चांगली केबल घ्या. गिटारपासून सरळ ॲम्पला लावा आणि ऐका. मग बोर्डातलं एक पेडल मध्ये घाला, ऐका, मग दुसरं. प्रत्येक नव्या पॅच केबलचं टोक बोटांनी हलवा. खरखर कोणत्या जोडावर आली ते तिथल्या तिथे कळतं. सोल्डर नसलेल्या, स्क्रूने दाबून बसवायच्या पॅच केबल दिसायला नीटनेटक्या असतात, पण बोर्ड बॅगेतून इकडे तिकडे नेला की त्यांचे स्क्रू सैल होतात. फिरता बोर्ड असेल, तर मी सोल्डर केलेल्या केबलच सांगतो.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर जॅकवर काळपट थर चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा जॅकच्या आत मारा, प्लग पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, थोडा वेळ सुकू द्या. गंज काढायचा घरगुती तेलकट स्प्रे वापरू नका. तो मागे थर ठेवतो आणि त्यावर धूळ बसते. फूटस्विच दाबताना कधी आवाज येतो, कधी नाही, असं होत असेल, तर आतले पत्रे झिजले आहेत. स्विच बदलावा लागतो. भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीच्या बाजारात मिळतो.

वीज

इथे जास्त वेळ द्या. शिट्टी, टिकटिक आणि न जाणारी घुंई बहुतेक इथली असते.

पहिली चाचणी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची. ज्या पेडलवर संशय आहे, त्याचा ॲडाप्टर काढा, आत बॅटरी घाला, बाकी साखळी तशीच ठेवा. आवाज थांबला, तर पेडल निर्दोष आहे, पुरवठा बदलायचा आहे. ही एक चाचणी अनेकांचे नव्या पेडलचे पैसे वाचवते. काही लहान पेडलांत बॅटरीला जागाच नसते. मग बॅटरीची क्लिप आणि डीसी प्लग असलेली वायर लागते, पण सावध राहा: इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आर्डुइनोसाठी जी तयार क्लिप मिळते, तिच्या मधल्या टोकाला धन असतो. गिटार पेडलला मध्ये ऋण लागतो.

हा मुद्दा मी वेगळा सांगतो, कारण इथे पेडल जळतात. बॉस कंपनीपासून आजच्या बहुतेक पेडलांपर्यंतचा रिवाज म्हणजे ९ व्होल्ट डीसी, २.१ मिलिमीटरचा प्लग, मध्ये ऋण. पेडलच्या जॅकशेजारी एक लहान चिन्ह छापलेलं असतं, मध्ये ठिपका आणि त्याला जोडलेली वजाबाकीची खूण. घरात पडलेला राउटरचा किंवा सेट-टॉप बॉक्सचा ॲडाप्टर तंतोतंत तसाच बसतो, पण तो बहुधा १२ व्होल्टचा आणि मध्ये धन असलेला असतो. प्लग बसला म्हणजे जमलं, असं समजू नका. ॲडाप्टरवरचं चिन्ह आणि पेडलवरचं चिन्ह शेजारी शेजारी ठेवून वाचा. उलट वीज दिली, तर आतला संरक्षक डायोड शॉर्ट होतो आणि ते पेडल साखळीत आल्यावर सगळा बोर्ड बंद पडतो. काही ओव्हरड्राइव्ह (सौम्य डिस्टॉर्शन) आतल्या आत ९ चे १८ व्होल्ट करतात. त्यांना बाहेरून १८ दिले, तर ती चिप जाते. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे काही फझ (डिस्टॉर्शनचाच जुना, खरबरीत प्रकार) धन-ग्राउंडचे असतात. ते इतरांबरोबर एकाच वायरीवर लावले, तर पुरवठा शॉर्ट होतो. त्यांना बॅटरी द्या किंवा पूर्ण वेगळा आउटलेट.

मग बेरीज करा. साधं ॲनालॉग डिस्टॉर्शन काही थोडे मिलिॲम्पिअर घेतं, डिजिटल मॉड्युलेशन किंवा डिले पेडल शेकड्यांत जाऊ शकतं. प्रत्येक पेडलच्या तळाशी किंवा पुस्तिकेत आकडा असतो. सगळे मिळवा, वर निदान एक चतुर्थांश जागा सोडा, आणि ॲडाप्टरच्या आकड्याशी ताडून बघा. कमी पडला, तर व्होल्टेज दबतं. मग डिजिटल पेडल अचानक पुन्हा सुरू होतं, घुंई वाढते, आवाज मध्येच तुटतो.

बेरीज बसली तरी शिट्टी राहत असेल, तर कारण डेझी चेन, म्हणजे एका ॲडाप्टरमधून निघालेली अनेक तोंडांची वायर. डिजिटल पेडलचं घड्याळ (चिपला ताल देणारा परिपथ), कोरस-फ्लँजरमधल्या डिले चिपचं घड्याळ, ओव्हरड्राइव्हमधला व्होल्टेज वाढवणारा पंप, हे सगळे आपली उच्च वारंवारतेची धुसफूस त्याच तारेवर टाकतात. दोन घड्याळांच्या फरकाचा सूर कानाच्या टप्प्यात आला की शिट्टी. ती ओळखायची खूण अशी: फ्लँजरचा रेट नॉब हळू करा. शिट्टीही तितक्याच हळू वरखाली सरकत असेल, तर ती त्याच फ्लँजरच्या घड्याळाची आहे. टिकटिक त्याच घरातली. फेझर किंवा ट्रेमोलोचा लो फ्रीक्वेन्सी ऑसिलेटर (हेलकावा घडवणारा मंद परिपथ) प्रत्येक फेरीला पुरवठ्यातून छोटा धक्का ओढतो, आणि शेजारचं जास्त गेनचं डिस्टॉर्शन तो धक्का मोठा करून ऐकवतं.

स्वस्त उपाय: डिजिटल पेडलला त्याचा स्वतंत्र ॲडाप्टर द्या, ॲनालॉग पेडल एका चेनवर राहू द्या. अनेक बोर्ड एवढ्यावर शांत होतात. पक्का उपाय म्हणजे प्रत्येक आउटलेट स्वतंत्र असलेला आयसोलेटेड पुरवठा. विकत घेताना एक गोष्ट तपासा. खोक्यावर आयसोलेटेड लिहिलेलं असतं आणि आत सगळ्यांचं ग्राउंड एकच असतं, असे पुरवठे बाजारात भरपूर आहेत. पुरवठा भिंतीतून काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि दोन आउटपुट वायरींच्या मधल्या टोकांना लावा. बीप वाजला, तर ते आउटलेट एकमेकांना जोडलेले आहेत, मग तो महागडा डेझी चेनच आहे. मला विचाराल, तर तिसऱ्या डिस्टॉर्शनचे पैसे इथे घाला. पुढे पेडल बदलत राहतील, पुरवठा वर्षानुवर्षं तोच राहील.

घोंगडी टाकल्यासारखा आवाज

सगळी पेडल ट्रू बायपास, म्हणजे बंद असताना सिग्नल सरळ वायरीतून सोडणारी, असतील, तर ती बंद असताना गिटारसमोर नुसती लांबलचक वायर उरते. चांगल्या केबलची कपॅसिटन्स दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. सहा मीटर बोर्डापर्यंत, सहा मीटर ॲम्पपर्यंत आणि वर पॅच केबल, म्हणजे वरचे सूर गेलेच. साखळीत एक बफर (लांब वायर झेपेल असा जोर सिग्नलला देणारा परिपथ) असलेलं पेडल आलं की चमक परत येते. बॉसची नेहमीची पेडल बंद असतानाही बफर देतात, त्यामुळे असं एखादं बोर्डाच्या सुरुवातीला ठेवून बघा. अपवाद जुन्या पद्धतीच्या फझचा. फझ फेससारखं पेडल गिटारच्या पिकअपला थेट जोडलेलं असावं लागतं. त्याच्या आधी बफर आला, तर आवाज चिरका होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून तो साफ करता येत नाही. फझ पहिला, बफर त्यानंतर.

इतकं करूनही पेडल बदलायचंच असेल, तर

आता निवड कानाने करा, कारण गोंधळ करणाऱ्या बाकी गोष्टी दूर झाल्या आहेत. मॉड्युलेशनबरोबर वाजणाऱ्या डिस्टॉर्शनला एक गुण लागतो: खालचे सूर आटोक्यात हवेत. ट्यूब स्क्रीमर जातीची ओव्हरड्राइव्ह पेडल गेनच्या टप्प्यात साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवतात, म्हणून कोरस त्यांच्यावर स्वच्छ बसतो आणि बँडमध्ये गिटार ऐकू येते. बिग मफ या फझमध्ये मधल्या सुरांना खड्डा असतो. एकट्याने वाजवताना तो भव्य वाटतो, पण त्यावर फेझर लावला की ड्रम आणि बासच्या गर्दीत गिटार हरवते. मफ आवडत असेल, तर मॉड्युलेशनची डेप्थ कमी ठेवा. बॉसचं डीएस-१ हे १९७८ पासूनचं पेडल आजही स्वस्तात मिळतं. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने ते स्मॉल क्लोन कोरसबरोबर वापरलं. महाग पेडल घेतलं की प्रश्न सुटेल असं वाटत असेल, तर ही जोडी आधी ऐका.

कोरस घेताना मिक्सचा नॉब असलेला घ्या. डिस्टॉर्शनबरोबर प्रत थोडी कमी मिसळली की कॉर्ड सुटी राहते, आणि तो नॉब नसलेल्या पेडलवर ही सोय होत नाही. फेझर जास्त गेनसाठी चार टप्प्यांचा पुरतो. दुकानात जाताना स्वतःची गिटार, स्वतःचं डिस्टॉर्शन आणि एक पॅच केबल बरोबर न्या. सुट्या, क्लीन ॲम्पवर ऐकलेला कोरस तुमच्या बोर्डावर कसा वाजेल हे सांगत नाही. सेकंडहँड घेत असाल, तर नॉब फिरवताना खरखर, स्विच दाबताना फट् आणि डीसी जॅक हलवताना दिवा लुकलुकणं, एवढं तरी पाहा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मुंग्या किंवा चटका. गिटारच्या तारा ॲम्पच्या चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल आणि ॲम्पमध्ये गळती असेल, तर तारांवर वीज येते. माइकला ओठ लागला की परिपथ पूर्ण होतो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीच्या मंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून असाच गेला. घुंई घालवण्यासाठी तीन पिनांमधली मोठी पिन कापणं किंवा अर्थ सोडून दोन पिनांचा ॲडाप्टर लावणं म्हणजे हीच परिस्थिती स्वतःहून तयार करणं. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, स्वतः सॉकेट उघडू नका.

काहीही न जोडता घुमणारा ॲम्प. त्यात फिल्टर कपॅसिटर गेलेले असू शकतात. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये प्लग काढल्यावरही काही काळ शेकडो व्होल्ट साठून राहतात. झाकण काढायचं नाही.

जळका वास, हाताला गरम लागणारं पेडल, साखळीत घातल्याबरोबर सगळ्यांचे दिवे मंद करणारं पेडल. लगेच सोडवून बाजूला ठेवा. आतला डायोड बदलणं हे दुरुस्ती करणाऱ्यासाठी थोड्या वेळाचं काम आहे, पण तेच पेडल पुन्हा पुन्हा लावून बघितलं तर पुरवठाही जातो.

गिटारच्या आतली वायरिंग आणि पेडलमधला झिजलेला स्विच, सोल्डरिंगचा सराव असेल तर करा, नसेल तर लुथियरला (गिटारच्या कारागिराला) किंवा पेडल दुरुस्त करणाऱ्याला द्या.

देताना एका कागदावर लिहून द्या: आवाज ५० चा की १०० चा, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर काय होतं, डिस्टॉर्शन बंद केल्यावर काय होतं, बॅटरीवर काय झालं, ॲडाप्टर किती व्होल्टचा आणि किती मिलिॲम्पिअरचा. ॲडाप्टर आणि पॅच केबलही बरोबर द्या. नुसतं पेडल दिलं, तर त्याच्या टेबलावर ते शांत वाजेल आणि तो तुम्हाला तसंच परत देईल.